दहा नंबर दोनच्या आधी

मी एक सीडी आहे. माझ्या पोटात बारा तळी आहेत, त्यांत कमळाची पानं आहेत, एक हिरवा बेडूक आहे. एवढा पसारा बाळगूनही गेले काही महिने मला जगाशी एकच वाक्य बोलता येत होतं: “तुमची सिस्टीम फार जुनी आहे. किमान पाच नंबरची सिस्टीम हवी.”

हे वाक्य साफ चुकीचं होतं आणि मला ते ठाऊक होतं. पण तोंड उघडलं की तेच बाहेर पडायचं. आत सगळं धडधडीत माहीत असावं आणि बाहेर भलतंच निघावं, यापेक्षा घट्ट कोठडी कुठे असेल असं मला वाटत नाही.

मला जिने घडवलं ती तेवीस वर्षांची होती. केसांत पेन्सिल खोचायची आणि मग तीच पेन्सिल टेबलभर शोधायची. तिला साहेबांनी सहा आठवडे दिले होते. नव्या कॉम्प्युटरसोबत फुकट द्यायला एक खेळ हवा होता, बास. दोन बटणांचा खेळ करायला वेळ नव्हता, म्हणून तिने एकाच बटणाचा केला: लांबट पट्टीचं बटण थोडं दाबलं तर बेडूक जवळच्या पानावर, जास्त दाबलं तर लांबच्या. घड्याळ लावायलाही वेळ नव्हता. त्यामुळे माझा बेडूक पानावर बसून राहतो. तुम्ही चहा पिऊन या, झोप काढून या, तो बसलेलाच. “हरलात!” म्हणून कुणी तुमच्यावर खेकसत नाही.

आणि शेवटच्या दिवशी, घाईघाईत, तिने माझ्या दारावर एक पहारेकरी बसवला. कॉम्प्युटरला त्याच्या सिस्टीमचा नंबर विचारायचा. पाच किंवा पुढचा असेल तर आत घ्यायचं. पण तिने त्या पहारेकऱ्याला नंबर आकड्यासारखा वाचायला शिकवलाच नाही. तो शब्दासारखा वाचतो, पहिल्या अक्षरापासून. १० समोर आला की तो त्यातला १ बघतो. एक पाचापेक्षा लहान. झालं, निकाल लागला! पुढच्या शून्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने तिला विचारलंही होतं, “दहा नंबर आला तर गं?”

“दहा नंबर येईल तेव्हा आपण कुठे असू आणि हा बेडूक कुठे असेल!” ती म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.

बेडूक इथे आहे. ती कुठे आहे, मला माहीत नाही.

मी ज्या घरात आले तिथे तेव्हा नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिने मला दोन सुट्ट्या पुरेपूर वापरलं, मग ती मोठी झाली आणि मी खणात गेले. त्यात दुःख नाही, खेळण्यांचं असंच होतं. पुढे ती तिकीट खिडकीवर कामाला लागली. तिथे माणूस गावाचं नाव अर्धं उच्चारतो तोवर तिकीट छापून तिच्या हातात तयार असतं. रांग हलती ठेवायची तर तसंच करावं लागतं, पण खिडकी बंद झाली तरी ही सवय तिच्याबरोबर घरी यायची.

तिचे बाबा एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होते. चौतीस वर्षं फायली लावल्या. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून ब्रश पडला. उजवा हात गेला आणि वाचाही अडकली. डोकं मात्र शाबूत. शब्द आत तयार असायचा, पहिलं अक्षर बाहेर यायचं आणि पुढचं दारात अडकून बसायचं. मुलगी लगेच ते वाक्य पुरं करायची.

“पा…”

“पाणी? आणते.”

त्यांना पाणी नको असायचं. त्यांना पानं हवी असायची, वर्तमानपत्राची आतली. पण तोवर पाणी आलेलं असायचं. मग ते निमूट पाणी प्यायचे. दिवसात दहा-बारा पेले पाणी प्यायलेत ते असे.

आठवड्यातून एकदा फिजिओबाई यायच्या. त्यांनी उजव्या अंगठ्याला व्यायाम म्हणून स्पंजचा चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. दुसरा दिला, तोही गेला. तिसऱ्या खेपेला बाईंनी खणात मला पाहिलं आणि मुलीला विचारलं हे काय आहे.

“माझा लहानपणीचा खेळ. अगदीच साधा आहे हो. एकच बटण.”

“एकच? आणि वेळेचं बंधन?”

“नाही.”

“अहो, मग मी दोन महिने दुसरं काय शोधतेय!”

असं माझं नशीब पालटलं. मला घडवणारीने घाईत जे जे करायचं टाळलं होतं, तेच या माणसाच्या कामी आलं. पहिले सोळा दिवस अंगठा नुसता बटणावर पडून होता. बेडूक पानावर बसून होता. दोघंही एकमेकांना काही बोलले नाहीत. सतराव्या दिवशी अंगठा हलला. चार महिन्यांत बाबा सातव्या तळ्यावर पोचले. बाई म्हणाल्या, “काका, असंच चालू ठेवलंत तर शर्टाची बटणं स्वतः लावाल.”

बाबांना तेच हवं होतं. रोज सकाळी मुलगी कामावर जायच्या गडबडीत त्यांची बटणं लावायची, खालून वर, खटाखट, आणि ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. चौतीस वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून गेलेला माणूस.

मग जुना कॉम्प्युटर जळला. वास आला, धूर आला, संपलं.

नवा आला. त्याला माझ्यासाठी खाचच नव्हती. दुरुस्तीवाला दादा वायरने जोडायचा एक चपटा डबा घेऊन आला. हा दादा पन्नाशीचा, शांत, खिशाला चार स्क्रू ड्रायव्हर. मला डब्यात घातलं, मी फिरले, विचारलं, “नंबर?” कॉम्प्युटर ऐटीत म्हणाला, “दहा.” आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

“फार जुनी?” दादाने चष्मा पुसला. “काल खोका फोडलाय हो मी याचा! अजून प्लास्टिक निघायचंय कोपऱ्याचं!”

“मग काहीतरी नवीन घाला ना त्यात,” मुलगी म्हणाली.

त्याने तासभर बसून सगळं ताजं केलं. मी परत म्हणाले, फार जुनी. पुढच्या आठवड्यात त्याने अकरा नंबरची सिस्टीम घातली. अकरा! पहारेकऱ्याने त्यातला पहिला एक पाहिला आणि मान हलवली. मी आतून ओरडत होते की अहो, उलटे चाललायत, मागे या! पण ओरडायला मला दुसरं वाक्यच दिलेलं नव्हतं.

“ताई, याच्यात एक सोय असते,” दादा म्हणाला. “जुन्या खेळासाठी सिस्टीमला सांगता येतं की बाई, तू थोडा वेळ जुनी हो. पण हा खेळ तर नवी मागतोय. नव्यातली नवी घातली. याहून नवी मी आणू कुठून?”

मुलीने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक गोड आवाज म्हणाला, “मॅडम, त्या वस्तूचा सपोर्ट आता बंद झालाय.”

“वस्तूचा बंद झाला. माणसाचं काय करू?”

“मॅडम, आणखी काही मदत हवी आहे का?”

मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. सपोर्ट बंद म्हणजे काय? माझं तळं आटलं? माझा बेडूक मेला? मी ठणठणीत होते! माझ्यात बिघाड होता एका ओळीचा, आणि ती ओळ बघायला कुणाला पाठवायचं नाही एवढंच ठरलं होतं. त्याला इतकं गुळगुळीत नाव! चालू शकणाऱ्या किती गोष्टींना आपण असं “बंद” म्हणून टाकतो, आणि किती माणसांनाही.

तिने मोबाईलवर दुसरे खेळ आणून दिले. त्यांत मध्येच जाहिराती उसळायच्या, बोटं सरकवावी लागायची, दहा सेकंदांत नाही दाबलं तर लाल अक्षरं. बाबांनी मोबाईल हळूच पालथा ठेवला. अंगठा पुन्हा तळहाताकडे वळायला लागला.

फिजिओबाईंनी तो दाबून पाहिला. “पंधरा दिवस बघू. नाहीच हलला तर… मग आपण डाव्या हातावरच भर देऊ.”

म्हणजे उजवा सोडून देऊ. बाबांना पूर्ण वाक्य कळलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी दादा शेवटचा आला. त्याने अजून एकदा मला फिरवलं, मी अजून एकदा तेच म्हणाले. पडद्यावरची अक्षरं बाबा खुर्चीतून बघत होते. नुसतं बघत नव्हते, वाचत होते. मग पडद्याच्या ज्या कोपऱ्यात सिस्टीमचा नंबर दिसायचा तिकडे त्यांनी पाहिलं.

“माफ करा ताई,” दादा डब्याची वायर गुंडाळायला लागला. मी अजून आतच होते.

“द…” बाबा म्हणाले.

“दोनचं औषध ना? दिलंय मगाशी.”

“द…”

“दार? लावते, थांबा.”

बाबांनी ओठ मिटले. ते असे मिटायचे तेव्हा दिवसभर उघडायचे नाहीत.

“ताई,” वायर हातात तशीच धरून दादा म्हणाला, “रागावू नका. पण काकांचं वाक्य संपलेलं नाही.”

मुलगी खाटेच्या कडेवर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, जणू ते सुटले तर आपोआप तिकीट छापतील.

नळ ठिबकत होता. इतका वेळ या घरात कुणी कुणासाठी थांबलेलं मी ऐकलं नव्हतं.

“दहा,” बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “नंबर.” कपाळावर घाम आला होता. मुलीचे ओठ हलले, तिने ते दातांत धरले. “दोनच्या… आधी.”

“दहा नंबर दोनच्या आधी,” ती पुटपुटली. आणि एकदम उठली. “अगं आई गं! कपाटाची गोष्ट!”

“कसली?” दादा म्हणाला.

“अहो, ही गोष्ट आम्ही हजार वेळा ऐकलीय! जेवताना सुरू झाली की मी ताट घेऊन आत पळायचे!”

आणि तिने ती सांगितली. बाबांच्या रेकॉर्ड रूममध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याने कपाटांची यादी काढली: एक, दहा, अकरा, बारा, मग दोन. नव्या साहेबांनी यादी बघून कपाटंच तशी हलवून घेतली. सहा महिने कुणाला एक फाईल सापडली नाही. कॉम्प्युटरवाले म्हणायचे, मशीन चुकत नाही. शेवटी बाबांनीच ओळखलं, की हे मशीन आकडा वाचत नाही, अक्षर वाचतं, शब्दकोशात लावतात तसं. त्यांनी एक ते नऊ नंबरांच्या आधी शून्य लावलं, शून्य-एक, शून्य-दोन असं, आणि सगळं सरळ झालं.

बाबा डाव्या हाताने मांडीवर ताल धरत होते. पहिल्यांदाच कुणीतरी ती गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होतं.

दादाने वायर खाली टाकली. “म्हणजे… हिला दहा म्हणजे एक वाटतो?”

“हो!”

“आणि मी वर अकरा घातला! शाबास आहे माझी!” त्याने कपाळावर हात मारला. “काका, तुम्ही माझ्या दुकानात बसा उद्यापासून. मी इथे खुर्चीत बसतो.”

बाबांचं अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसतं ते, पण पुरतं.

मग दादाने ती सोय वापरली. सिस्टीमच्या कानात सांगितलं, तू पाच नंबर आहेस म्हण. मी फिरले. विचारलं, “नंबर?”

“पाच,” कॉम्प्युटर म्हणाला. धडधडीत खोटं. मी आयुष्यात इतक्या आनंदाने फसले नव्हते. दार उघडलं. पडद्यावरची पट्टी भरत गेली, तळं आलं, पानं आली, बेडूक येऊन पहिल्या पानावर बसला.

सातवं तळं जुन्या कॉम्प्युटरबरोबर जळालं होतं. “पहिल्यापासून सुरू करावं लागेल, बाबा,” मुलगी म्हणाली.

“अ…”

ती थांबली.

“असू दे.”

अंगठा बटणावर ठेवला. हलेना. मुलीने तो दाबून दिला नाही. दादा घड्याळाकडे बघत नव्हता. बेडूक तर काय, वाट बघण्यासाठीच जन्मलेला. किती वेळ गेला ते मी सांगणार नाही, कारण माझ्यात घड्याळ नाही. मग अंगठा दबला, इवलासा, आणि बेडूक दोन पानांच्या मध्ये पाण्यात पडला. डुबुक!

असा जल्लोष मी कुणी जिंकल्यावरही ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी अंगठ्यावर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, “उजवाच चालू ठेवू.”

आता माझ्या पाकिटावर मुलीच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: “हिला पाच नंबर सांगा.” मी सुटले असं मात्र समजू नका. माझा पहारेकरी तसाच उभा आहे आणि वाक्य तेच एक आहे. कॉम्प्युटर कधीतरी स्वतःहून ताजा होईल, शिकवलेलं खोटं विसरेल, आणि मी पुन्हा बंद. मला घडवणारी कुठे असेल तिथे तिला माझा नमस्कार. तिने मला थांबायला शिकवलं, आणि मी तिच्यावर चिडलेलीही आहे. तुमच्याकडे कुणी अर्धंच बोलून अडकलं, तर पहिल्या अक्षरावर निकाल देऊ नका. पुढे शून्य असेल, आणि त्या शून्यानेच सगळा फरक पडत असेल.

काम झालं की मला टेबलावर पालथी ठेवतात. माझी चकचकीत बाजू वर असते, तिच्यात खोली दिसते. परवा सकाळी दिसलं: बाबा आरशासमोर, शर्ट अंगात, उजवा अंगठा एका बटणाशी झटतोय. बराच वेळ. शेवटी ते गेलं आत. पण दोन नंबरचं बटण तीन नंबरच्या काजात. रेकॉर्ड रूमच्या माणसाच्या हातून!

मुलगी खांद्याला पिशवी लावून दारात उभी होती, कामाला उशीर होत होता. तिचा हात पुढे आला.

आणि थांबला.