आयोडीनचा डाग

मी आयोडीन बोलतोय, जखमेवर लावतात ते तपकिरी औषध. कधी नव्हे ते बोलतोय, कारण आता गप्प बसवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. नुसतं आयोडीन कातडीला फार झोंबतं, म्हणून मला दुसऱ्या एका द्रव्यात मिसळून सौम्य केलं आणि गडद बाटलीत भरलं. तिथून आलो तो थेट या दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत. खिडकीखाली पत्र्याचं टेबल, त्यावर चिमटे, कापसाचा डबा आणि मी. मूल रडायला लागलं की आई मला दाखवून म्हणते, "हे नाही हं झोंबणार." बहुतेक वेळा ते खरंही असतं.

मी जंतू मारतो, पण लावल्याबरोबर नाही. त्यासाठी अंगावर सुकेपर्यंत मला राहू द्यावं लागतं. माणसांना मी हवा असतो, माझा डाग तेवढा नको असतो.

शिंपीकाका आले तेव्हा मशीनची सुई त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीतून आरपार गेली होती. त्यात त्यांना साखरेचा आजार. ड्रेसिंग करणाऱ्या मावशींनी मला बोटावर लावलं, तोच काका म्हणाले, "मावशी, पुसून टाका हो. गणवेशाचे पांढरे शर्ट शिवायला आलेत. एकावर जरी डाग पडला, तरी पोरांचे आई-बाप माझ्या नावाने खडे फोडतील."

"अहो, औषध आहे ते."

"लागलं ना एकदा? मग झालं तर."

मावशींचं मन लोण्याचं. त्यांनी ओल्या कापसाने मला पुसून काढलं. पुढच्या खेपेपासून काकांना सांगावंही लागलं नाही. मी लागायचो आणि लगेच पुसला जायचो. सुईच्या भोकात पू धरत होता, मला तो कळत होता, आणि मी कापसाबरोबर बादलीत पडून तळमळायचो. बोट सुजलं, मग काळवंडलं.

"रात्रभर कण्हतात आणि सकाळी पुन्हा मशीनवर बसतात," काकू मावशींना सांगत होत्या.

"बोट माझं आणि कळ हिला," काका हसले.

पू हाडापर्यंत पोचला.

आज मला मोठ्या दिव्याच्या खोलीत आणलंय. काकांचं बोट कापायचं ठरलंय, ज्याच्या जोरावर कात्री चालते तेच. हात बधिर केलाय, पण काका जागे आहेत. मावशींनी त्यांच्या अख्ख्या पंजाला मला भरपूर लावलं. मावशींचे डोळे भरून आले होते आणि हातमोजे घातलेल्या हातांनी ते पुसता येत नव्हते.

"मावशी, शर्ट झाले बरं का सगळे," काका म्हणाले. "एकावरही डाग नाही."



मावशी सवयीने कापसाकडे वळल्या. "पुसू नका," मोठे डॉक्टर म्हणाले. "पूर्ण सुकू दे, मगच सुरू करू."

सगळे हात आवरून माझ्यासाठी थांबले आहेत. मी सुकत चाललोय, आणि मला सुकायचं नाही.