भरून काढलेली भुवई

सारजाबाईंच्या नवऱ्याने मेल्यावर पहिल्यांदा बायकोकडे बघून हसून दाखवलं, आणि पुंडलिकनगरात प्रमोदिनीचं नाव झालं.

हे कारभारी म्हणजे गंगापूरकडचे उसाचे मोठे बागाईतदार. फोटोत फेटा, पिळदार मिशा आणि चेहरा असा की समोरच्याने आत्ताच यांची मोटार पळवली आहे. प्रमोदिनीने तो फोटो संगणकावर घेतला, डाग पुसले, आणि दोन दिवसांनी शेजारच्या सारजाबाईंच्या हातात फोन ठेवला. फोनमधल्या कारभाऱ्यांनी पापण्या मिटल्या, मान जराशी वळवली आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. सारजाबाईंनी झटकन डोक्यावरून पदर घेतला. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "जित्तेपणी उभा जन्म माझ्याकडं बघून हसले नाय. आता कामून हसू राहिले?" फोन त्यांनी उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मात्र परत आल्या आणि हळूच विचारलं, "बाई, अजून थोडं हसवता येतील का?"

निवृत्त माणसाने छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात, कोणता ते कोणीच सांगत नाही. प्रमोदिनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली, नवरा आधीच गेलेला, मुलगा बंगळुरात. बागकाम करून पाहिलं, तर कुंड्यांतली झाडं मरायला लागली. भजनी मंडळात गेली, तर आवाजावरून टोमणे ऐकले. मग हे फोटो हलवायचं खूळ डोक्यात शिरलं आणि ते काही केल्या निघेना. यात गंमत अशी की निर्जीव फोटो हलवायला जिवंत माणसाची हालचाल लागते. कॅमेऱ्यासमोर बसून आपणच हसायचं, मान वळवायची, डोळे मिटायचे. संगणक ते सगळं उचलतो आणि फोटोतल्या चेहऱ्यावर चढवतो. म्हणजे कारभाऱ्यांचं ते हसू खरं तर प्रमोदिनीचंच होतं. ही गोष्ट तिने सारजाबाईंना सांगितली नाही, आणि शहाणपणाच केला.

गल्लीतले सगळे मेलेले असे हसून झाले, तरी प्रमोदिनीने स्वतःच्या आईला हात लावला नव्हता. आधी हात बसू दे, म्हणायची. खरं कारण भीती हेच होतं.

तिची आई, गोदावरी, प्रमोदिनी रांगत होती तेव्हाच तापाने गेली. आठवण अशी एकही नाही. होता तो एक फोटो: नऊवारी, नाकात नथ, आणि थेट समोर बघणारी, किंचित घाबरलेली एक तरुण बाई. वडील, अनंतराव, वैजापूरला तहसिलीत कारकून होते. त्यांनी वर्षाच्या आत गोदावरीच्या धाकट्या बहिणीशी, यमुनेशी, लग्न केलं. तेव्हा असं सर्रास व्हायचं. लेकराला परक्या बाईच्या हाती देण्यापेक्षा मावशीच्या हाती दिलेलं बरं. यमुनाबाईंना पुढे लक्ष्मण झाला. लक्ष्मण त्यांना आई म्हणायचा आणि प्रमोदिनी मावशी. आई हा शब्द तिने भिंतीवरच्या फोटोसाठी राखून ठेवला होता. मावशी रागावली की पोरगी तरातरा फोटोखाली जाऊन उभी राहायची आणि मोठ्यांदा गाऱ्हाणं सांगायची, "आई, ही बघ, मला मारते. तू असतीस तर मारलं असतंस का?" स्वयंपाकघरात ते स्पष्ट ऐकू जायचं. जावं म्हणूनच ती मोठ्यांदा बोलायची.

लग्नात तिने दागिन्यांचा हट्ट धरला नाही, फोटोचा धरला. तेव्हापासून फोटो तिच्याकडे. गोदावरी सवाष्ण गेलेली, म्हणून तिचा दिवस पितृपक्षातल्या अविधवा नवमीचा. त्या दिवशी मावशी वैजापूरहून एसटीने यायची, फोटोला ताजा हार घालायची, नैवेद्याचं ताट समोर ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. लक्ष्मणच्या घरात सुनेशी पटेना म्हणून अलीकडे ती प्रमोदिनीकडेच राहायला आली होती. ऐंशीच्या घरातली, पण कानांनी तीक्ष्ण. वय विचारलं की म्हणायची, "पोलीस ॲक्शनमध्ये वडलांनी मला धान्याच्या कणगीत लपवलं होतं, त्यावरून काय ते धरा."

एका गोष्टीत मात्र मावशीचा हेका न सुटणारा. तिला फोटो काढून घेणं चालायचं नाही. लक्ष्मणच्या मुंजीत ती नेमकी पाठमोरी आहे. प्रमोदिनीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मावशी म्हणजे एक पदर आणि एक कोपर. आणि आईचा फोटो भिंतीवरून काढायचं नाव काढलं की तिचं एकच, "जुनी काच आहे, फुटेल. कशाला उचकायचं?" प्रमोदिनीला याचा मनातून राग यायचा. जिवंतपणी आईची जागा घेतली ती घेतली, आता फोटोवरही हिचाच पहारा.

त्या वर्षी नवमीच्या आधी लक्ष्मण येऊन मावशीला चार दिवस वैजापूरला घेऊन गेला. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि प्रमोदिनीने स्टूल ओढलं.

हार उतरवला. फ्रेमच्या मागचे खिळे पक्कडीने उपसले. काच फुटली नाही. फोटो हातात आला तेव्हा तिला रडूच आलं. आईला पहिल्यांदा मधे काहीही न येता हात लावत होती. मग डोळे पुसून कामाला लागली. फोटो मोठा करून पडद्यावर घेतला आणि एकेक डाग काढू लागली. बुरशीचे ठिपके होते, घडीची रेघ होती, माशीने केलेली घाण होती. डाव्या भुवईच्या टोकाशी एक पांढरी चीर होती, तिथे एकही केस नव्हता. फोटोचा पापुद्रा उडालाय, ती म्हणाली, आणि शेजारचे केस घेऊन एकेक केस लावत तिने ती भुवई भरून काढली. अख्खी दुपार त्यात गेली. काम इतकं बेमालूम झालं की तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग ती साडी बदलून, केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसली. आईसाठी हसायचं होतं. आईचं हसू कसं होतं कोणास ठाऊक, पण मी तिचीच लेक, माझ्यात थोडंफार आलंच असेल, असा तिचा हिशेब. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: आई एकदा आपल्याकडे बघताना दिसावी. ओठ थरथरायला लागले म्हणून तीनदा पुन्हा करावं लागलं.

आणि आई हसली. घाबरलेले डोळे निवळले, पापणी लवली, गालावर हलकीशी खळी पडली. प्रमोदिनी पडद्याला हात लावून बसून राहिली. त्या दिवशी तिला कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत; डाळ करपली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

नवमीच्या सकाळी मावशी परत आली होती. पुरण झालं होतं, फोटो जागच्या जागी होता, नवा हार घातलेला. मावशी ताट घेऊन वाकणार एवढ्यात प्रमोदिनीने तिला खुर्चीवर बसवलं आणि लॅपटॉप समोर केला. "मावशी, आज तुला आईची भेट घडवते," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडा तोरा होता, तो तिने लपवलाही नाही. बघ, तू झाकून ठेवलीस, मी आणली.

मावशीने चष्मा सारखा केला. पडद्यावरच्या बाईने मान वळवली, पापण्या मिटल्या आणि ती हसली.

 मावशीचा उजवा हात सावकाश वर आला आणि चष्म्याच्या काडीखालून स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला. तिथे आता केस असे नव्हतेच, दोन-चार पांढरे राहिले होते. बोटाने ती काहीतरी चाचपत राहिली.

"इथली खूण कुठं गेली गं?" ती म्हणाली. "झोपाळ्याची कडी लागली होती मला इथं. तू भरून काढलीस काय?"

म्हातारपणी माणूस आपल्यात आणि दुसऱ्यात गल्लत करतं, असं प्रमोदिनीला आधी वाटलं. "मावशी, हा आईचा फोटो आहे," ती लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली.

मावशीने तिच्याकडे बघितलं, आणि आपण काय बोलून गेलो ते तिच्या ध्यानात आलं. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. ताट अजून मांडीवरच होतं. ते तिने खाली ठेवलं तेव्हा कटाची वाटी कलंडली. प्रमोदिनीने नेमकं हेच बघितलं. नुसती गल्लत करणारं माणूस असं घाबरत नाही.

"मावशी. हा फोटो कोणाचा आहे?"

"नवमीच्या दिवशी नको."

"कोणाचा आहे?"

मावशी पडद्याकडे बघत बोलली, प्रमोदिनीकडे नाही. "गोदाचा फोटो कधी काढलाच नव्हता. कोण काढतो तेव्हा? ती गेली, मी आले. तुझी आत्या म्हणाली, लेकराला नमस्कार करायला आईचं तोंड पाहिजे. बहिणी-बहिणी आहेत, हिलाच बसवा. मला गोदाची साडी नेसवली, तिची नथ घातली आणि फोटोवाल्यापुढं बसवलं. एकोणीस वर्षांची होते मी. मला वाटलं, लग्नाचा फोटो काढतायत. घरी आणून त्याला हार घातला तेव्हा कळलं."

प्रमोदिनीला बसायला खुर्ची सापडेना. ती भिंतीला टेकली, आणि डोक्याला फ्रेमची कड लागली तशी चटका बसल्यागत बाजूला झाली. जिवंत माणसाच्या फोटोला चुकून फूल वाहिलं तरी बायका तोंडात बोटं घालतात. इथे ही बाई सगळा जन्म स्वतःच्या हाताने स्वतःच्या फोटोला हार घालत आली होती, स्वतःपुढे नैवेद्य ठेवून हात जोडत आली होती.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच खिळा ठोकला."

"मला लहानपणी तुझ्या भुवईवरची ती खूण कधी दिसली नाही."

"फोटो लागल्यापासून काजळ भरायचे मी तिथं. तुझ्या आत्यानं बजावलं होतं. लोक म्हणायचे, बिजवराची बायको, नटायची हौस किती. तू पण चिडवायचीस."

चिडवायची. प्रमोदिनीला ते आठवलं आणि शरमेने कानशिलं तापली. मग त्याहून वाईट ते आठवलं: फोटोखाली उभं राहून मोठ्यांदा सांगितलेली ती सगळी गाऱ्हाणी. मावशीची चहाडी तिने मावशीलाच सांगितली होती, आणि मावशी आत चुलीपुढे बसून ऐकत होती. तिला रागही आला, भयंकर आला. या सगळ्यांनी मिळून तिला एक आई दिली होती आणि ती खोटी होती. पण राग काढायचा कोणावर? बाबा नाहीत, आत्या नाही, आणि जी समोर होती तिला तर जित्तेपणीच भिंतीवर टांगलं होतं.

"सांगायचं नाही का मग? एकदा तरी?"

"सांगणार होते. तू बोलायला लागलीस आणि मला आई म्हणायला लागलीस, तेव्हाच सांगणार होते. पण मग म्हटलं, सांगितलं तर हिच्याकडं गोदाचं काय राहतं? मग मीच तुला फोटोकडं बोट दाखवून शिकवलं, ती आई, मी मावशी. तेवढं तरी तिचं तिच्याकडं राहू दे."

म्हणजे तो शब्द राखून ठेवला होता तो प्रमोदिनीने नाहीच. ती लॅपटॉपपाशी गेली. एकोणीस वर्षांची यमुना प्रमोदिनीचं हसू घेऊन पुन्हा पुन्हा हसत होती. थांबायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. प्रमोदिनीने झाकण लावलं. आता आईचं काहीच उरलं नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. कालपर्यंत आई पडद्यावर हसत होती आणि आज तिला चेहराच नव्हता.

ती मावशीपुढे जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही गुडघे तिने धरले. "मग ती दिसायची कशी? तू तर बघितलंयस ना तिला. तू सांग. मी काढून घेईन, माझ्या हाताने चितारीन. नाक कसं होतं? डोळे?"

"हात आठवतात," मावशी म्हणाली. "भाकरी थापताना बांगड्या मागं सारायची. आवाज आठवतो, थोडा घोगरा होता."

"आणि तोंड?"

मावशीने डोळे मिटले.  ओठ हलले, आता सांगते असं वाटलं, आणि मिटले.

"आधी दिसायची गं," ती म्हणाली. "मग भिंतीवर हे आलं. सकाळ-संध्याकाळ हेच समोर. गोदा म्हटलं की आता हेच तोंड येतं. तिला शोधायला जाते आणि मीच पुढं येऊन उभी राहते."

गोदावरीला बघितलेलं दुसरं माणूस आता जगात नव्हतं. प्रमोदिनीने गुडघे सोडले नाहीत. "अजून एकदा बघ," ती म्हणाली. "घाई नाही मला."

मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा डोळे मिटले. प्रमोदिनी त्या सुरकुतलेल्या पापण्यांकडे बघत राहिली. पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. मग फिरायची थांबली. मावशीने डोळे उघडले आणि नाही अशी मान हलवली.