काकीच्या हातचं मीठ

घरात तिला सगळे शहाणी म्हणत. नाव काकांनी ठेवलं होतं, चिडवायला. पुढे ती खरोखरच कॅन्सरवर संशोधन करू लागली आणि चिडवण्यातली गंमत गेली.

काका कारखान्यात पाइपांचे जोड क्ष-किरणांनी तपासत. जठराच्या कॅन्सरने ते गेले, तेव्हा थोरला मुलगा सगळ्यांदेखत आईला म्हणाला, “तुझा हात मिठाला सढळ. डॉक्टर म्हणतात, खारट खाण्यानंही होतो.” तेव्हापासून काकीने मिठाच्या बरणीला हात लावला नाही. भाजी ती करी, मीठ सून घाली.

शहाणीच्या जिवाला ते लागून राहिलं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे तुकडे ती जमवत होतीच. तिने कंबर कसली. किरणांजवळ काम केलेल्यांच्या गाठी एकीकडे, बाकीच्यांच्या दुसरीकडे. कुठल्या गाठीत कुठली जनुकं किती जोरात काम करताहेत, ते मोजायचं. कारखानेवाल्यांच्या गाठींत काही जनुकं नुसती बोंबलत होती. काकांच्या ऑपरेशनमधून जपून ठेवलेल्या गाठीतही. मग बाईसाहेबांना दम कुठला निघतोय! पुन्हा एकदा तपासून बघण्याआधीच ती काकीकडे धावली आणि सर्वांसमोर म्हणाली, “काकी, किरणांची खूण सापडली. तुझ्या मिठाचा काही संबंध नाही.” थोरल्याने मान खाली घातली. काकी उठली आणि तिने स्वतःच्या हाताने पातेल्यात मीठ घातलं. जरा जास्तच पडलं, पण सगळे मिटक्या मारत जेवले.

मग एकदा दवाखान्याची लिफ्ट बंद पडली आणि एका शिंप्याच्या गाठीचा तुकडा वर प्रयोगशाळेत जायचा तो खालीच ताटकळला. शिंप्याचा किरणांशी जन्मात संबंध आला नव्हता. तरी त्याच्या गाठीत तीच जनुकं बोंबलत होती.

तुकडा लगेच गोठवला नाही तर पेशी रक्तावाचून तडफडतात आणि हीच जनुकं जागी होतात, हे शहाणी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायची. कारखानेवाल्यांची ऑपरेशनं सगळी एकाच वारी होत. प्रत्येक तुकड्यासाठी वरखाली कोण करणार? शेवटचं ऑपरेशन उरकलं की सगळे तुकडे एकदम वर नेऊन गोठवायचे, ही युक्ती तिचीच. इतके दिवस ती स्वतःचा आळस मोजत बसली होती.

गप्प बसावं का? कुणाचं काय बिघडणार होतं? असा विचार आपल्या मनात आला, याची तिला आणखीच लाज वाटली.

काकी गॅसपाशी उभी होती. “ये गं शहाणे! अगदी वेळेवर आलीस.”

ते नाव ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या उभ्या तिने सगळं सांगून टाकलं. “चूक माझी, काकी. किरणांनी झालाही असेल. पण माझ्याकडे पुरावा नाही.”

काकी ढवळायची थांबली. “मग मिठानं झाला?”

“तेही नाही सांगता येत गं.”

“त्या दिवशी तर छातीठोक सांगत होतीस.”

काकीच्या हातात मिठाची बरणी होती, झाकण उघडलेली. तिने ती हळूच शहाणीपुढे सरकवली.

“थोरला येईलच जेवायला,” ती म्हणाली. “मीठ तू घाल.”

आणि हात पुसून ती बाहेर जाऊन बसली.