चौथं भोक

आमच्या डब्याच्या छपराला चार भोकं होती आणि ती माझ्या नवऱ्याने, लवूने, स्वतःच्या हाताने पाडली होती. फायबरच्या टाक्या दुरुस्त करण्यात कारखान्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यानेच सणासाठी स्वतःच्या छपरावर ड्रिल चालवलं. पुरुषांची अक्कल कामावर राहते, घरी नुसता डबा येतो.

डबा म्हणजे मोटारीला जोडून न्यायचं फायबरचं घर. कुणा हॉटेलवाल्याने समुद्रावर ठेवायला म्हणून शेठकडून नमुना बनवून घेतला आणि परत फिरकला नाही. मुलुंडच्या कारखान्याच्या आवारात तो विटांवर उभा राहिला. संपात गिरणी गेली तेव्हा लवू मला घेऊन आधी गावी गेला होता. तिथे थोरल्या भावाने, धाकूने, घरात जागा नाही म्हणून सांगितलं, तेही ओटीवर बसूनच. आम्ही परतलो. लवू शेठकडे लागला आणि आवाराची राखण करायच्या बोलीवर आम्हाला डबा राहायला मिळाला.

त्याच वर्षी लवूने वेगळा गणपती आणला. आमच्यात गणपती वेगळा झाला की घर वेगळं झालं, मग कुणी काही म्हणो. आणि गणपतीच्या डोक्यावर माटवी हवीच. माटवी म्हणजे छताला टांगायची लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या बांधायच्या. मी म्हटलं, चार बांबू उभे करू. लवू म्हणाला, टेकूवर उभी राहते ती माटवी नव्हे. म्हणून चार आकडे आणि चार भोकं.

यंदा शिमग्याच्या आधी लवू काविळीने गेला. मी रडले नाही. माझ्याबरोबर कारखान्यात काचेच्या धाग्यांची मॅट कापणारी सुंदराबाई घाबरली, तिने मला चिमटेसुद्धा काढले. मला ते लागले नाहीत. पुढेही काही लागेना. चहा गरम की गार ते कळायचं नाही, भाजी खारट झाली तरी संपायची. मॅट कापताना काचेची कुसं अंगात शिरतात, त्यांची खाज तेवढी कळायची. आकडे मीच काढले, कारण निजलं की तेच दिसायचे. नट फिरवून काढले आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. पाऊस लागला तसं छप्पर चार जागी गळायला लागलं.

शेठ येऊन बघून गेला. भोकं नीट बुजवलीस तर राहा आणि काम कर, नाही तर डबा रिकामा कर, असं म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मी उघडिपीची वाट बघत राहिले.

उघडीप मिळाली तो रविवार, आणि त्याच सकाळी गावाहून धाकू आला. पिशवीत सालीसकटचा असोला नारळ. गणपती तोंडावर आले होते. एकदा आणलेला गणपती असाच सोडता येत नाही. या घरचा नारळ मी माझ्या हाताने द्यायचा, तो गावच्या गणपतीपुढे ठेवायचा, की दोन घरांचं एक झालं. नारळ त्याने स्वतःच आणला होता. मी फक्त हात लावून परत द्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने त्याच्याबरोबर निघायचं. मला जायचं नव्हतं. दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून मिळेल ते खायचं, तेही जिथून एकदा परत पाठवलं त्या घरात.

पण हे सांगायचं कसं? थोरल्या दिराशी आमच्यात समोरासमोर बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून मी धाकूशी एक अक्षर बोलले नव्हते. मध्ये लवू असायचा. आता मध्ये सुंदराबाई उभी राहिली. त्यांना म्हणावं चहा घ्या. तिला म्हणावं साखर कमी. थोड्या वेळाने सुंदराबाई वैतागली, मी काय पोस्टमन आहे का, दोघं मेल्यासारखे बसलात, म्हणाली आणि घरी निघून गेली. नारळ मांडणीवर तसाच राहिला. मी त्याला हात लावला नव्हता.

मी पदर खोचला आणि शिडी लावली. धाकूला वाटलं, जायच्या आधी जागा नीट करून द्यायची आहे. तो मदतीला उठला. हे काम एकट्याचं नाहीच. आतून कुणीतरी प्लास्टिक गुंडाळलेली फळी भोकावर दाबून धरावी लागते, तेव्हा वरून मॅट बसते आणि तिच्यात जिरवायचं पातळ रेझिन खाली ओघळत नाही. मी फळी दाखवली, हात वर करून दाखवले. तो समजला. मी राहायला म्हणून भोकं बुजवत होते, तो मला न्यायला म्हणून.

भोकाभोवती घासलं, मॅटचे तुकडे ठेवले, रेझिनमध्ये हार्डनर टाकून ब्रशने जिरवलं. आभाळ भरलेलं असलं की रेझिन लवकर धरत नाही. तोवर धाकूने हात वर करून उभं राहायचं. पिकलेला माणूस, पण पहिल्या तीन भोकांना फळी जरासुद्धा हलली नाही. माझ्या मनात ना दया आली ना राग.

चौथं भोक दाराजवळचं. धाकू खाली फळी घेऊन तयार होता, अजून लावली नव्हती. मी छपरावर पालथी पडले आणि भोकाशी तोंड नेलं. तो दिसत नव्हता, मी त्याला दिसत नव्हते. एकदा फळी लागली की संपलं.

"भावजीनू," मी म्हटलं, "मी येवचंय नाय. मी हयच ऱ्हवतलंय."

मग फळी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. तो आत फिरत होता. पिशवी उचलली असेल, मला वाटलं. एवढंही मनात आलं की आता एकटीने फळी कशी धरायची.

मग भोकातून त्याचा आवाज आला, अगदी जवळून.

"तेव्हा जागा होती गो. मीच नाय म्हटलंय."

मी ब्रश बाजूला ठेवला तोवर त्याने खालून विचारलं,

"आकडे खंय आसत?"

"कॉफीच्या डब्यात."

पत्र्याचं झाकण वाजलं. थोड्या वेळाने माझ्या नाकासमोर भोकातून लोखंडी आट्यांचं टोक वर आलं. आकडा. तो खालून धरून उभा होता. मी चिमटीत ते टोक पकडलं तसा त्याने हात सोडला, बाहेर आला, शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि तोंड कारखान्याच्या भिंतीकडे करून नट माझ्यासमोर धरला. मी नट आवळला, भोवती मॅट बसवली, रेझिन जिरवलं. पाणी शिरायला जागा ठेवली नाही.

रेझिन कडक झालं तेव्हा दुपार उलटली होती. मी खाली उतरले. धाकूने मांडणीवरचा नारळ घेतला, त्याच्या सालीची दोरी वळली आणि तो गावी न नेता इथल्याच आकड्याला बांधला. मग पिशवी घेऊन दारात उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

"औंदा नारळच," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "माटवी फुडल्या वर्साक. चौकट मी घेवन येतंय."

तो फाटकाबाहेर गेला. मी वर बघितलं. एक आकडा, आणि तीन जागी माझी गुळगुळीत, पक्की, थेंबभर पाणी न येऊ देणारी ठिगळं. म्हणजे ती तिन्ही भोकं आता परत पाडायची. सकाळी बोलता आलं नसतं का त्याला? आणि मला? अख्खा दिवस मरमर करून बुजवली ती ह्यासाठी? मला असा राग आला की हातातला ब्रश मी भिंतीवर फेकला. लवूचा राग आला, त्याच्या भावाचा आला, देवाचासुद्धा आला. किती महिन्यांनी आला. त्या रागातच मी खाली बसले आणि नारळाखाली बसून मोठ्याने रडले.