जावयाचा हँडब्रेक

जावयाची चूक कधी नसते, असलीच तर ती घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी असते, हा आमच्या भागातला न लिहिलेला कायदा. देऊळघाटला शालिग्राम यांच्या अंगणात हर्षलची गाडी तुळशीवर गेली, तेव्हाही तो कुणी मोडला नाही.

हर्षल त्यांचा चिखलीचा जावई, डिंपलचा नवरा. जुन्या का होईना, पण चारचाकीतून डिंपलला घेऊन तो पहिल्यांदाच सासरी आला होता. गाडीचा हँडब्रेक महिन्यापासून ढिला होता आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. लिव्हर वरपर्यंत ओढली तरी गाडी जेमतेम थांबायची. मोबाईलवर व्हिडिओ पाहून त्यानं दुखणंही शोधलं होतं: केबल सैल पडली आहे, लिव्हरच्या कव्हराखालचा नट आवळला की झालं. पानाही आणून ठेवला होता. पण आज करू, उद्या करू. तोवर गाडी गिअरमध्ये टाकून उतरलं की भागत होतं.

त्या दिवशी सासूबाई, सत्यभामाबाई, ओवाळायचं ताट घेऊन फाटकातच उभ्या होत्या. या मानापानात हर्षल गिअर टाकायचा विसरला. नारळ फुटला, कौतुक झालं. "मामा, बसून तं पाहा," असं सासऱ्याला त्यानंच म्हटलं. शालिग्राम चपला काढून आत बसले, स्टिअरिंगवरून हात फिरवून हसले, उतरले आणि दार लावलं. तेवढ्या धक्क्यानं गाडी हलली आणि उताराच्या अंगणातून जाऊन वृंदावनावर आदळली. कोणाला लागलं नाही, पण तुळस मुळासकट आडवी झाली.

"तुमाले काऊन आली गाडीत बसाची हौस?" सत्यभामाबाई नवऱ्यावर कडाडल्या. "लागला असन तुमचाच हात ब्रेकले!"

शालिग्राम स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. "असन. मले तं समजलं बी नाही."

हर्षलनं बोलायला तोंड उघडलं. "जावईबापू, तुमी मनाले लावून घेऊ नका," सासूबाई म्हणाल्या, आणि ते उघडं तोंड मग पुरणपोळीच्या कामी आलं. शेजारी शालिग्राम मान खाली घालून जेवत होते.

हात धुताना ते हळूच म्हणाले, "सांजच्याले गॅरेजवाल्याले बलावतो. माह्यानं अजून काही बिघडलं असन तं पाह्यन तो."

हर्षलनं पुढचं ओळखलं. गॅरेजवाला एकदा लिव्हर ओढेल आणि सगळ्यांसमोर सांगेल की हा ब्रेक आजचा ढिला नाही. घर दुपारी लवंडलं तसा तो पाना घेऊन, मागे घेऊन पुन्हा फाटकाशी लावलेल्या गाडीत शिरला. कव्हर वर केलं, नट आवळला, ओढून पाहिलं, आणखी थोडा आवळला. आता लिव्हर अर्ध्यातच घट्ट धरू लागली. न्यूट्रलमध्ये टाकून त्यानं गाडी उताराकडे ढकलली. जागची हलली नाही. ब्रेक सोडला की चाकं मोकळी. महिनाभर टाळलेलं काम चहा होईस्तोवर झालं, याची त्याला भारी लाज वाटली.

गॅरेजवाला आला. लिव्हर ओढली, सोडली, पुन्हा ओढली. "ब्रेक तं एकदम टाइट हाय. कोणाचा तरी हात लागला हो."

"पाह्यलं?" सत्यभामाबाई म्हणाल्या. तेवढ्यात शालिग्राम लेकी-जावयासोबत द्यायची भाजीची पिशवी डिकीत ठेवायला पुढे झाले. "तुमी लांबच राहा गाडीपासून!" त्या सगळ्यांदेखत ओरडल्या. म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन तो मागे सरला.

ते पाठीमागे गेलेले हात हर्षलला बघवेनात. "मामी, मामाची काहीच चूक नाही," तो म्हणाला. "ब्रेक ढिलाच होता, मले माहीत होतं. दुपारी मीच आवळला. हा पाना पाहा."

सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पाहा गं डिंपल, सासऱ्याचा दोष आंगावर घेऊन राह्यले. नशीब काढलंस तू."

"नाही मामी, खरंच..."

"असू द्या हो," गॅरेजवाला हसला. डिंपल नवऱ्याकडे अभिमानानं पाहत होती.

शालिग्राम पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते. "माही इज्जत राखली तुमी," ते म्हणाले आणि त्याच हातांनी त्यांनी जावयाला नमस्कार केला.