इंगाबाईच्या गाडीचा अर्ज

सत्यशीला नववीच्या सहामाहीत इंग्रजीत पहिली आली, आणि त्याच आठवड्यात तिला एका गाडीचा अर्ज भरायला मिळाला. मग काय, पोरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

गाडी साधीसुधी नव्हतीच. गावच्या दवाखान्यातली नर्स इंगाबाई ती जर्मनीहून स्वतः चालवत घेऊन आली होती. तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान मागे टाकत थेट गोंडपिपरीच्या जंगलात. निळी, डब्यासारखी, आत झोपायला लांब फळी. नंबराची पाटी तिकडचीच होती. मागे एक ठळक ‘डी’. तो इंगाबाईच्या देशाचा, पण गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं की तो डॉक्टरचा.

त्या फळीवर झोपून दोन वर्षांत त्रेचाळीस माणसं चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात गेली होती. पुढची पाळी होती सत्यशीलाच्या मोठ्या बहिणीची, बायनाबाईची. पहिल्या खेपेला तिचं बाळ आडवं आलं होतं आणि बैलगाडी फाट्यावर पोचायच्या आधीच गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले, तेव्हा इंगाबाईनं तिच्या पोटावर हात ठेवून सांगितलं की कळा सुरू झाल्या की गाडी दारात उभी राहील. त्या दिवसापासून बायनाबाई परत हसायला लागली होती.

आणि नेमका गाडीचा विमा संपला. जर्मनीच्या कंपनीनं कळवलं की गाडी इतकी वर्षं परदेशात ठेवता, तर आम्ही जबाबदार नाही. इथला विमा काढावा तर इथला नंबर पाहिजे, इथला नंबर घ्यावा तर आयातीचा कर भरा, आणि तो कर गाडीच्या किमतीच्या दुप्पट. इंगाबाई एसटीनं चंद्रपूरला चार खेपा घालून आली. शेवटी विम्याच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंना दया आली. पाहुण्याची खाजगी गाडी म्हणून सहा महिन्यांचं जमवू, म्हणाले. फक्त अर्ज वाचता येईल अशा अक्षरात लिहून आणा. इंगाबाईचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं होतं.

म्हणून सत्यशीला. ती पेनात शाई भरून, दोन वेण्या घट्ट बांधून, परीक्षेला बसावं तशी बसली. नाव, गाव, इंजिनाचा नंबर, सगळं इंगाबाई सांगत गेली. मग प्रश्न आला, वाहनाचा वापर कशासाठी? इंगाबाई म्हणाली, “प्रायव्हेट लिही.” तेवढ्यात विंचू चावलेल्या बाईला घेऊन माणसं आली आणि ती उठून गेली.

सत्यशीलानं तो शब्द लिहिला. पण खाली चार ओळी कोऱ्या राहिल्या. शाळेत सर सांगत, जागा कोरी सोडली म्हणजे उत्तर येत नाही. आणि हिला तर उत्तर येत होतं! गावात तिच्याइतकं कुणाला येत होतं? तिनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की ही गाडी दोन वर्षं आजारी माणसांना दवाखान्यात नेते, आजवर त्रेचाळीस नेली, कुणाकडून एक पैसा घेतला नाही, आणि पुढेही अशीच नेत राहील. शेवटच्या ओळीत शब्द मावेनात, तर बारीक करून बसवले. इंगाबाई हात पुसत आली, न वाचताच खाली सही केली आणि परत आत गेली.

अर्ज द्यायला इंगाबाईबरोबर सत्यशीलाही चंद्रपूरला गेली. कचेरीत बाबूंनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षराचं कौतुक केलं.

“पोरी,” ते म्हणाले, “एकच शब्द लिहिला असता, तर म्याही एकच वाचला असता.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडी देशात आली ती पाहुण्याच्या फिरण्यापुरती. तिच्यात दोन वर्षं माणसांची ने-आण होते, हे आता सहीनिशी कागदावर आलं होतं, आणि खिडकीवर येताच आवक-बारनिशीच्या वहीत चढलंही होतं. वर पाठवल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. परतीच्या एसटीत इंगाबाईनं सत्यशीलाला खिडकीची जागा दिली.

एकवीस दिवसांत गाडी देशाबाहेर न्या, नाही तर नागपूरला सरकारजमा करा, असं पत्र आलं. सीमेपर्यंत जायचं म्हणजे महिनाभर दवाखाना बंद. इंगाबाईनं नागपूर निवडलं. गाडी तिथं देऊन दुसऱ्या दिवशी ती औषधांची पेटी डोक्यावर घेऊन फाट्यावरून चालत आली.

बायनाबाईला तीन आठवडे आधीच कळा लागल्या. भर दुपार, धानाची कापणी चाललेली. बापानं, खुशालनं, दुसऱ्याच्या खळ्यावरून बैल सोडून आणले. इंगाबाई बैलगाडीत बायनाबाईच्या कमरेला धरून बसली. सत्यशीला चाकाबरोबर पळत होती, दगड दिसला की बाजूला करत होती. फाट्यावर एक ट्रक मिळाला. चंद्रपूरला बायनाबाई वाचली. मुलगी झाली होती, ती नाही वाचली.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आई, केसरबाई, इंगाबाईच्या तोंडावर बोलली. आमचीच येळ आली अन् गाडी सोताहून नेऊन देल्ली, म्हणाली. बाकी त्रेचाळीस बरे भेटले हिले. इंगाबाईला मराठी चांगली समजत होती. तिनं मान खाली घातली आणि सलाईनच्या नळीशी उगीच काही करत राहिली. अर्जात काय झालं ते तिनं अजूनही कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

सत्यशीला गप्प राहिली तर कोणालाही कळणार नव्हतं.

“आई, बाईले नको बोलू,” ती म्हणाली. “तिनं एकच शब्द सांगतला होता. बाकीचं म्या लिहिलं. माह्या मनानं.”

तिनं सगळं सांगितलं, चारही ओळींसकट. केसरबाईला अर्धंमुर्धं समजलं. पण बायनाबाई सातवी शिकली होती, तिला पुरतं समजलं. मग तिनं आईला बाजूला हो म्हणून खुणावलं.

“काऊन लिहिलं?”

“चांगलं दिसंल म्हणून.”

बायनाबाईनं डोळे मिटले. रागावली नाही, रडलीही नाही.

“थोडे दिवस माह्याशी बोलू नको, शीला,” ती म्हणाली.

सत्यशीलानं मान हलवली. थोडे म्हणजे किती, ते विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण विचारणं म्हणजे बोलणंच झालं असतं. ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं इंगाबाई आली आणि शेजारी टेकली.