रक्तात न दिसलेलं

"नॉर्मल!" चंद्रपूरच्या लॅबच्या पायऱ्या उतरता उतरताच डोमाने कागद हवेत हलवला. "कॅन्सर-फिन्सर काई नाई. उगाच जीव टांगणीले लावला होता तू."

चंदाने हात जोडले. मग उन्हात तिला त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा दिसला.

मोहर्लीच्या जंगलात डोमा सफारीची जिप्सी चालवायचा आणि त्याची बायको चंदा गाईड म्हणून त्याच्याच शेजारी बसायची. दिवाळीपासून त्याची भूक गेली होती. पाठीत कळ आली की तो स्टिअरिंगवर ओणवा होई. काविळीचा पाला घेऊन झाला, पथ्यही झालं. अंगावरचं मांस मात्र उतरतच गेलं.

"डॉक्टरले दाखवूनच घरी जाऊ," ती म्हणाली.

"आता काय उरलं दाखवाले?" कुरकुरत तो मागोमाग गेला.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला, त्याला झोपवून पोट दाबलं. त्यांचा चेहरा काही सैलावला नाही.

"या तपासणीत रक्तातला कॅन्सरची खूण देणारा एक घटक मोजतात. काही माणसांच्या रक्तात तो तयारच होत नाही, डोमाभाऊ. कॅन्सर असो वा नसो, त्यांचा रिपोर्ट असाच येतो. उलट एखाद्याचा नुसत्या पित्ताच्या खड्यानेही वाढतो. एकट्या रक्तावर भरवसा ठेवता येत नाही. स्वादुपिंडाचं सिटी स्कॅन करा. आजच."

बाहेर येताच डोमा भडकला. "रक्तच खोटं बोलते म्हंते! मंग काढलं कायले? मी घरी जाऊन राह्यलो." आणि तो खरंच स्टँडच्या दिशेने चालू लागला.

हा राग नव्हता, हे चंदाला कळत होतं. 'नॉर्मल' हा एक शब्द हाती लागला होता, तो त्याला सोडवत नव्हता. खरं तर तिलाही. आत्ता बस पकडली असती तर आजची रात्र तरी सुखाची गेली असती.

"अवो, थांबा!" ती धावत त्याच्यापुढे आली. "वानर ओरडलं नाई म्हून वाघ नाई, असं होते का कधी? तुमीच तर वानर गप असलं तरी वाघाच्या वाटेवर गाडी बंद करून उभे राह्यता."

डोमा थांबला.

"चाल," तो म्हणाला. "पन मशीनच्या दारापर्यंत तू ये."

गाठ होती. स्वादुपिंडाच्या तोंडाशी, लहान, शेजारच्या रक्तवाहिन्यांना अजून न चिकटलेली. नागपुरात ऑपरेशन झालं. ती कॅन्सरचीच निघाली. मग केमो सुरू झालं.

डोमा वाचला, पण खाचखळग्यांतून गाडी हाकणं सुटलं. तपासणीला आलेले दुसरे पेशंट रक्ताचा आकडा ऐकून जरा निर्धास्त होत. डोमाचं रक्त काहीच सांगत नसे. त्याला दर वेळी मशीनमध्ये झोपावं लागे, आणि चंदा बंद दाराकडे बघत बाकावर बसून राही.

पोळ्याच्या आधी ती त्याला गावातल्या बापूजी शिंप्याकडे घेऊन गेली. एकही पँट कमरेवर ठरत नव्हती. बापूजींनी टेप लावला आणि आकडा पाहिला. खडूने खूण करून त्यांनी कात्री उचलली.

"कापू नका, बापूजी," डोमा म्हणाला. "आत मोडून शिवा. कापड राहू द्या."

बापूजींनी कात्री बाजूला ठेवली आणि सुईत दोरा ओवला.